२७ नंबरचा वॉल्व्ह

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस. सकाळचे सात वाजले होते, पण ऊन आत्ताच पाठीला चटके देत होतं. माझ्या हातात दीड हात लांबीची लोखंडी टी-चावी होती आणि मी २७ नंबरच्या घरासमोर पाण्याच्या चेंबरपाशी उभा होतो.

आमची कॉलनी जळगाव शहराच्या बाहेर, हायवे ओलांडला की दहा मिनिटांवर. ६४ रो-हाउस, रीतसर नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था, आणि मी तिथला पगारी मॅनेजर. त्याआधी बावीस वर्षं एका पतसंस्थेच्या वसुली विभागात काढली. मॅनेजर नेमताना समितीने तेच बघितलं असणार. थकबाकी कशी काढायची हे मला माहीत आहे, असं सगळे धरून चालले होते, मीही.

कॉलनी चांगली आहे, हे आधी सांगतो. मधोमध ओपन स्पेस, त्यात तीन जुने कडुनिंब. लेआउटच्या वेळी ते पडणार होते, पहिल्या आठ-दहा घरवाल्यांनी अडून बसून वाचवले. कडेने चालायचा ट्रॅक, एका बाजूला हॉल. डोहाळजेवणं, साखरपुडे, श्रावणातली कानबाईची पूजा, सगळं तिथंच. पाण्यासाठी दोन बोअर. एप्रिल संपता संपता एक बोअर हवा फेकायला लागतो, मग टँकर. उंच टाकीपासून प्रत्येक घराला वेगळी लाइन आहे आणि प्रत्येक फाटकाबाहेर चेंबरमध्ये वॉल्व्ह. एखाद्या घराची लाइन गळायला लागली तर तेवढंच घर बंद करता यावं, बाकीच्यांचा खोळंबा नको, एवढ्यासाठी तो वॉल्व्ह.

गेटवर नियमांचा बोर्ड आहे, एकोणीस नियम. त्यातल्या बहुतेकांवर माझा मनापासून विश्वास आहे. रात्री दहानंतर स्पीकर नाही, हा तर कायदाच आहे. ओला-सुका कचरा वेगळा. गाड्या आपापल्या फाटकासमोर. झाडांना दोर बांधायचा नाही असाही एक नियम होता, त्यावरून दोन वर्षांपूर्वी आखाजीला चांगलीच खडाजंगी झाली. माहेरी आलेल्या पोरींनी निंबाला झोका बांधला, वॉचमनने सोडायला लावला. पुढच्या सभेत बायकांनी उभं राहून विचारलं की खान्देशात आखाजीला झोका नाही तर मग कधी? नियमात दुरुस्ती झाली: आखाजीचे चार दिवस सोडून. फांदीला आधी गोणपाट गुंडाळायचं, मग दोर. झाडही शाबूत आणि झोकाही. नियम असा वापरणाऱ्यांना विचारून केला की तो टिकतो, हे मी तेव्हाच बघितलं होतं.

तरीही त्या सकाळी मी चावी घेऊन उभा होतो.

२७ नंबरचा मालक पुण्याला. घर भाड्याने दिलेलं, चटईच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या एका कुटुंबाला. नवरा-बायको, दोन मुलं आणि पारोळ्याकडची म्हातारी आई. मालकाने चौदा महिने मेंटेनन्स भरला नव्हता. महिन्याला १,६०० रुपये मेंटेनन्स आणि वर ५०० रुपये बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायची रक्कम. एकूण २९,४०० रुपये, व्याज वेगळं. एप्रिलच्या समिती सभेत ठराव झाला: आठ दिवसांत भरणा न झाल्यास पाणीपुरवठा बंद करावा. इतिवृत्त मीच लिहिलं. कुणी हरकत घेतली नाही, मीही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. कारण त्या सभेत कायद्याची फाइल रोज हाताळणारा माणूस एकटा मीच होतो.

चेंबरचं झाकण उचललं. आत मुंग्यांची रांग, कोळ्याचं जाळं, वॉल्व्हच्या दांड्यावर पांढरे क्षार. चावी बसवली आणि फिरवली. जड होती. आठ आटे लागले. पाइपातला बारीक सळसळ आवाज आधी कमी झाला, मग थांबला.

फाटक वाजलं. म्हातारी बाहेर आली, दोन्ही हातांत नवी कोरी घागर. रात्रभर भिजत घातलेली असावी. खालचा अर्धा भाग ओलसर गडद लाल आणि वरचा वाळून फिका. आखाजीला आमच्याकडे घागर पुजतात, पितरांच्या नावाने. नव्या मातीच्या घागरीत पाणी भरायचं, त्यावर छोटं मडकं, डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोऱ्या.

"भाऊ, पानी काब्र बंद कयं?"

मी म्हणालो, "आजी, घरमालकाची बाकी आहे. त्यांना फोन लावायला सांगा."

"आम्ही भाडं देतस ना? आम्हना काय गुन्हा शे?" आणि मग घागरीकडे बघत, "घागर भरानी शे."

मला उत्तर सुचलं नाही. झाकण लावलं आणि ऑफिसात आलो.

दुपारपर्यंत कामं चालू राहिली. टँकरवाल्याचा हिशोब, हॉलची बुकिंग, बारा नंबरच्या ड्रेनेजची तक्रार. बाराच्या सुमारास बाहेर उभं राहवत नव्हतं. मे महिन्यातलं जळगावचं ऊन ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको, आणि न भोगलेल्याला सांगून समजत नाही. घरातल्या टाकीत किती पाणी शिल्लक असेल, हा विचार मी दर अर्ध्या तासाने करत होतो आणि दर वेळी बाजूला सारत होतो.

एकच्या सुमारास समितीतल्या एका सदस्याचा फोन आला. २८ नंबरच्या वहिनींनी कंपाउंडवरून हिरवी नळी २७ मध्ये टाकलीय, नियम चौदाचा भंग आहे, वॉचमनला पाठवून काढायला लावा. नियम चौदा असा: सोसायटीचं पाणी नळी लावून दुसऱ्या जागेत देऊ नये. तो नियम कशासाठी झाला होता ते मला माहीत होतं. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असताना आमच्याच एका घरातून सिमेंटला पाणी जात होतं, महिनाभर. त्यासाठी तो नियम योग्यच होता.

वॉचमन यावलकडचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला. वय झालेलं आहे, पण ड्युटीला पक्का. दोन वर्षांत एकही सांगितलेलं काम त्याने टाळलेलं नव्हतं. मी त्याला बोलावून सांगितलं. तो थोडा वेळ उभा राहिला.

"साहेब, रात्रभर जागायला सांगा, जागतो. पण कुणाच्या तोंडचं पाणी काढायला मी नाही जाणार. पाहिजे तर पगार कापा."

एवढं बोलून तो केबिनकडे गेला. मी त्याला परत हाक मारली नाही.

मग स्वतःच गेलो. २८ च्या वहिनी फाटकातच होत्या. "काय ते सांगू नका, भाऊसाहेब. नळी काढायची असेल तर माझाही वॉल्व्ह बंद करा. त्या घरात कुणी पैसे बुडवलेले नाहीत." त्यांच्या मागे ओट्यावर ती घागर ठेवलेली होती, नळीच्या तोंडाखाली. अर्धी भरलेली.

परत ऑफिसात आलो आणि २७ नंबरची फाइल काढली. हे काम मी एप्रिलमध्येच करायला हवं होतं. वरून तिसरा कागद मालकाचं पत्र होतं, मागच्या वर्षीच्या जूनमधलं. त्यावर सोसायटीचा पोच शिक्का आणि शिक्क्याखाली माझी सही. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, बिल दुरुस्त करून पाठवा, लगेच भरतो. उत्तर गेलेलं नव्हतं. मी पत्र घेतलं, सही केली आणि फाइलला लावून टाकलं.

मालकाचं म्हणणं बरोबर होतं. २००१ च्या ऑगस्टमध्ये शासनाने तसा निर्णयच काढलेला आहे. १० टक्के, आणि तेही पूर्ण मेंटेनन्सवर नाही, फक्त सेवाशुल्काच्या, म्हणजे वॉचमनसारख्यांचे पगार आणि ऑफिसखर्चाच्या भागावर. आमच्या १,६०० रुपयांत सेवाशुल्क होतं ९०० रुपये. बाकी पाणी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड. म्हणजे महिन्याला ९० रुपये लावायचे, तिथे आम्ही ५०० लावत होतो. चौदा महिन्यांचे ५,७४० रुपये जास्तीचे. कॉलनीत भाड्याने दिलेली घरं एकूण अकरा. सगळ्यांकडून तेच घेत होतो.

दुसरी गोष्ट मला पत्र न वाचताही ठाऊक असायला हवी होती. थकबाकीसाठी पाणी तोडण्याचा अधिकार समितीला कायद्यात कुठेही दिलेला नाही, संस्थेच्या नोंदलेल्या नियमावलीत म्हणजे उपविधीतही नाही. वसुलीचा रस्ता वेगळा आहे. पतसंस्थेत मी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचे शेकडो दाखले काढलेले. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात १३-ब हे वेगळं प्रकरण आलं, त्यात कलम १५४ब-२९. आधी सभासदाला मागणीच्या नोटिसा, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज, सोबत बिलं आणि खातेउतारा. सुनावणी होते, वसुली दाखला मिळतो, आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती रक्कम वसूल होते. जप्तीपर्यंत जाता येतं. जे घर त्याच्या नावावर आहे तेच तारणासारखं उभं असताना पैसे बुडणार कसे? वेळ लागतो, चकरा होतात, हे खरं. पण कारवाई बाकी असणाऱ्यावर होते. पाणी तोडलं की ती होते आतमध्ये राहणाऱ्यावर.

पावणेतीनला मी पुन्हा २७ समोर बसलो. झाकण इतकं तापलेलं की रुमालाने धरावं लागलं. आठ आटे उलटे. पाइपात हवा घुरघुरली, मग पाणी धावल्याचा आवाज आला. आतून कुणीतरी ओरडलं, "उनं! पानी उनं!" ऑफिसात येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं: वॉल्व्ह क्र. २७ सकाळी ७.१० ला बंद, दुपारी २.४५ ला चालू, चालू करण्याचा निर्णय माझा. खाली सही.

मग पुण्याला फोन लावला. मालक आधी चिडून बोलले, हक्कच होता त्यांचा. मी सांगितलं, तुमचं पत्र माझ्या सहीचं आहे, उत्तर द्यायला मी चुकलो. थोड्या वेळाने म्हणाले, "भाडेकरूचं पाणी बंद केलंत हे मला त्यांनी सकाळी सांगितलं. त्या आजींना मी काय तोंड दाखवू?" मी म्हणालो, तोंड दाखवायचं काम आज माझं आहे.

संध्याकाळी हॉलमध्ये समिती बसली. अध्यक्षसाहेब भयंकर रागावले होते. त्यांचा राग खोटा नव्हता, तेही लिहितो. टँकरवाल्याला आगाऊ रक्कम त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलेली होती. "६३ घरं वेळेवर भरतात, भाऊसाहेब. त्यांनी का म्हणून एकाचं पाणी पोसायचं?" प्रश्न रास्त होता. मी तो नाकारला नाही. हॉल, कार्यक्रमाच्या खुर्च्या, मंडप या सवलती आहेत, त्या थकबाकीदाराला द्यायच्या की नाही हे सर्वसाधारण सभेने ठरवावं. थकबाकीदाराला समितीवर येताच येत नाही, ती तरतूद कायद्यातच आहे. पण पाणी हॉलच्या खुर्च्यांत मोजायचं नाही. मग मी ते जूनचं पत्र टेबलावर ठेवलं, शेजारी हिशोबाचा कागद.

अध्यक्षसाहेबांनी चष्मा लावून दोन्ही वाचले. नव्वद गुणिले चौदा त्यांनी स्वतः कागदाच्या कोपऱ्यात मांडून बघितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही, बाहेर पोरींचा झोक्यावरचा गलका तेवढा ऐकू येत होता.

"अकराही घरांचं जास्तीचं वळतं करावं लागेल," ते म्हणाले. "लिहा ठराव."

पाणी बंद करण्याचा ठराव रद्द झाला. २७ ला २३,६६० रुपयांचं दुरुस्त बिल, ३० दिवसांत भरणा न झाल्यास उपनिबंधकांकडे अर्ज. बाकी दहा घरांची जास्तीची रक्कम पुढच्या बिलांतून वजा. व्याजाचा विषय सर्वसाधारण सभेकडे. नियम चौदामध्ये "बांधकामासाठी व कॉलनीबाहेर" हे शब्द घालावेत अशी शिफारस. शेवटी अध्यक्षसाहेबांनीच एक ओळ वाढवली: सभासदाच्या पत्राला मॅनेजरने १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. मी ती लिहून घेतली.

मालकाने तीन आठवड्यांत पूर्ण रक्कम पाठवली.

आखाजीच्या सकाळी मी २७ नंबरला गेलो. आजींना नमस्कार केला आणि म्हणालो, "काल माझ्या हातून चुकीचं झालं." त्यांनी बसायला खुर्ची दिली. देवाजवळ घागर भरून ठेवलेली होती, वर डांगर. पाझरून तिच्याखालची फरशी ओली झालेली. जाताना त्यांनी केळीच्या पानात दोन सांजोऱ्या बांधून दिल्या. एक मी नेऊन वॉचमनला दिली.

ती टी-चावी आधी माझ्या टेबलाच्या खणात असायची. आता वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली आहे. गळती निघाली की प्लंबर रजिस्टरमध्ये कारण लिहितो, सही करतो आणि घेऊन जातो.