मग, झाकण आणि सहा मिनिटं

मुक्काम ३६०० मीटर. दुपार.

तंबू उभा राहिला, पाणी भरून आणलं. उजेड आहे तोवर लिहून ठेवते.

या वेळी सॅकमध्ये खास कॉफीचं म्हणावं असं एकही भांडं नाही. ४५० मिलिलिटरचा एकपदरी टायटॅनियमचा मग आहे, पण जेवणही त्यातच शिजतं. त्याचं झाकण आहे, लांब दांड्याचा चमचा आहे, आणि बाकी फक्त कॉफी. निघण्याआधी धाकट्याने माझी सॅक उचलून पाहिली आणि विचारलं, "ताई, कॉफी सोडलीस की काय?"

सोडलेली नाही. डोंगरातली कॉफी मला इतकी प्रिय आहे की तिच्यासाठी काय पाठीवर घ्यायचं आणि काय नाही, यावर मी वर्षानुवर्षं विचार करत आले आहे. आता एक मत पक्कं झालंय. जितकं उंच जावं तितकी कॉफीला उपकरणं कमी लागतात आणि वेळ जास्त लागतो.

एरोप्रेस मला मनापासून आवडतो. तो करणारे ॲलन ॲडलर हे त्याआधी हाताने फेकायच्या, लांबवर उडणाऱ्या कड्यांसाठी ओळखले जात. एका माणसापुरती, कडू न होणारी कॉफी झटपट व्हावी म्हणून त्यांनी नळी आणि दट्ट्याची ही जोडी केली, आणि २००५ मध्ये ती बाजारात आली. पडली तरी फुटत नाही. दट्ट्या दाबला की चोथ्याची घट्ट वडी बाहेर पडते आणि विसळायला घोटभर पाणी पुरतं. तळ्याकाठचा, झाडीतला मुक्काम असेल तर मी आजही तोच नेईन. पण त्याचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात जातं आणि सॅकमध्ये तो जागाही बरीच अडवतो. त्याऐवजी मगच्या काठाला पाय अडकवून बसणारा घडीचा जाळीचा फिल्टर घ्यावा, तर तो जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा. वजनाचाच प्रश्न असता तर तो नक्की आणला असता. तोही घरी ठेवला, याचं कारण पाण्याचं तापमान.

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. वर चढताना साधारण दर ३०० मीटरला एकेक अंश कमी होत जातो. म्हणजे इथे ८८. कितीही वेळ खळखळू द्या, कितीही गॅस जाळा, उघड्या भांड्यातलं पाणी त्यापुढे जात नाही. कॉफीसाठी ९० ते ९६ अंशांचं पाणी चांगलं मानतात. इथलं सगळ्यात गरम पाणीसुद्धा त्या पट्ट्याच्या खालीच राहतं. घरी उकळी आल्यावर थोडं थांबून मग ओतायची सवय असते. इथे ते थांबणं सोडून द्यावं लागतं, उकळतं पाणी सरळ पुडीवर.

आता हेच ८८ अंशांचं पाणी बारीक धारेने जाळीच्या फिल्टरवर ओतलं तर काय होतं? धार वाऱ्यातून येते, पातळ जाळीला चारी बाजूंनी गार हवा लागते, आणि ओल्या पुडीच्या थरातून झिरपेपर्यंत पाणी आणखी कितीतरी उतरलेलं असतं. शिवाय ते पुडीच्या सोबत राहतं किती वेळ? जाळीतून निसटेपर्यंत. कॉफीतून आधी आंबट द्रव्यं सुटतात, मागून गोडवा येतो, कडवटपणा शेवटी. पाणी कोमट आणि सोबत थोडी, तर सगळं पहिल्याच टप्प्यावर थांबतं. पेल्यात आंबट, पातळ, पोकळ चवीचं काहीतरी उतरतं. वर गेलं की कॉफी चांगली होतच नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते त्यातले बहुतेक जण ही गाळलेली कॉफी पीत असतात.

मगमध्ये भिजत घातलेली कॉफी मात्र हवा तितका वेळ भिजत ठेवता येते. पाणी आणि पूड एकत्र, वर झाकण, भोवती लोकरीची टोपी. अंशांत जे कमी पडतं ते मिनिटांत भरून काढता येतं. सखल भागात चार मिनिटं पुरतात, इथे मी सहा देते. दळणही थोडं बारीक ठेवते. पाण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो, ओढ वाढते. आणि एरवी मला हलकी भाजलेली कॉफी आवडत असली तरी इथे गडद भाजलेली आणते. ती जास्त सच्छिद्र असते, कमी गरम पाण्यालाही आपलं सगळं सहज देते.

कागदी फिल्टरची स्वच्छ, पारदर्शक कॉफी मला घरी फार आवडते. १९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून ती वाट दाखवली, आणि चोथ्याचे बारीक कण व तेल दोन्ही अडवणारी ती साधी युक्ती अजून टिकून आहे. पण थंडीत मला ते तेल हवं असतं. जिभेवर थोडी जाड बसणारी कॉफी इथे जास्त बरी वाटते.

संध्याकाळ.

वारा वाढलाय. स्टोव्ह दगडाच्या आडोशाला आणला. पत्र्याचा वारारोधक गॅसच्या डब्याभोवती पूर्ण वेढून लावायचा नाही, हे धाकट्याला पुन्हा सांगितलं. उष्णता आत कोंडते, डबा तापतो, आणि ते खरोखर धोक्याचं आहे. तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही हेही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. थंडीने बोटं वाकत नसली तरी कॉफी बाहेरच होणार.

हलक्या सामानाच्या चर्चेत फिल्टरचे ग्रॅम मोजले जातात आणि गॅसचे सुटून जातात, म्हणून एकदा हिशेब मांडते. आम्हा दोघांना मिळून ३५० मिलिलिटर पाणी. ओढ्याचं पाणी १० अंशांचं धरलं तर ते ८८ वर न्यायला ११४ किलोज्यूलच्या आसपास उष्णता लागते. एक ग्रॅम गॅस जळून साधारण ४५ किलोज्यूल देतो. त्यातली निम्मी भांड्याला लागली आणि निम्मी हवेत गेली असं धरलं, तर एका वेळच्या कॉफीला पाच ग्रॅम गॅस. सकाळ-संध्याकाळ केली तर आठवड्याला सत्तर. वाऱ्यात, झाकणाशिवाय हा आकडा सहज दुप्पट होतो. म्हणजे झाकण आणि आडोसा या दोन गोष्टी एखाद्या फिल्टरपेक्षा कितीतरी जास्त वजन वाचवतात.

बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर गणितच बदलतं. एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात, आणि तेच पाणी शून्यापासून इथल्या उकळीपर्यंत न्यायला ८८. जवळजवळ दुप्पट गॅस. म्हणून वाहतं पाणी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असेल तर मी चालत जाऊन आणते. चवीचंही एक कारण आहे. बर्फाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच, आणि कॉफीची चव ओढून काढायला थोडं मॅग्नेशियम, थोडं कॅल्शियम पाण्यात असावं लागतं. ते नसलं की सगळं सपाट लागतं. आजच्या ओढ्याचं पाणी दगडांतून आलेलं आहे, खूश आहे मी त्यावर.

पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या कॉफीच्या पाण्यात टाकत नाही, वास राहतो. एवढ्या उंचीवर तीन मिनिटं खळखळून उकळलं की पाणी पिण्याजोगं होतं. त्यात थोडा गॅस जास्त जातो. तो जाऊ द्यावा.

पहाट.

गॅसचा डबा रात्रभर स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी होता. बाहेर पाण्याच्या बाटलीच्या तोंडाशी बर्फ धरलेला. डब्यात साधा ब्युटेन असता तर आज कॉफी नव्हती. तो उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायला नकार देतो. आयसोब्युटेन उणे १२ पर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाण्यासारखाच गॅसचाही उत्कलनबिंदू खाली येतो. इथे उंची पहिल्यांदाच आपल्या बाजूची होते. पण मिश्रणातला प्रोपेन आधी जळून जातो, त्यामुळे अर्धा रिकामा डबा भरलेल्या डब्यापेक्षा थंडीत जास्त कुरकुरतो. पहाटेसाठी म्हणून मी नेहमी नवा डबा राखून ठेवते आणि जुना दुपारच्या जेवणाला वापरते.

पाणी उकळलं. मग खाली उतरवला आणि २२ ग्रॅमचं पाकीट त्यात रिकामं केलं. मग एकपदरी आहे म्हणूनच हे जमतं. दुपदरी मग कॉफी गरम ठेवतो खरा, पण तो आचेवर ठेवता येत नाही. दोन पदरांमधली कोंडलेली हवा तापून फुगते आणि मग फुटू शकतो. म्हणून पातळ मग आणि वरून टोपी.

पूड वर फुगून आली. ताजी आहे, अजून कार्बन डायऑक्साइड सोडतेय. चमच्याने एकदाच हलवलं, सगळी पूड भिजली याची खात्री केली, झाकण लावलं, टोपी गुंडाळली. ही सहा मिनिटं मला अत्यंत आवडतात. करण्यासारखं काही नसतं. धाकटा स्लीपिंग बॅगमधून फक्त नाक बाहेर काढून विचारतो, "झाली का गं ताई?" आणि मी "अजून" म्हणते.

पाचव्या मिनिटाला वरची साय चमच्याने मोडायची. गॅस सुटला की कण जड होऊन खाली बसायला लागतात. त्यावर दोन चमचे गार पाणी शिंपडायचं. गार पाणी जड, ते तळाकडे जाताना तरंगणारे कण सोबत नेतं. मग आणखी एक मिनिट अजिबात हात लावायचा नाही. दळण बारीक असल्यामुळे ही शांतता जास्तच गरजेची. त्यानंतर झाकण किंचित सरकवून धाकट्याच्या पेल्यात हळूहळू अर्धी ओतली आणि अर्धी मगमध्येच माझी. तळाचे दोन घोट पीत नाही, तिथे गाळ असतो.

आजची उत्तम झाली. जाड, गोडसर, मागे थोडी भाजल्याची चव. आंबटपणा होता, पण असावा तितकाच. धाकट्याने पेला दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्याला कॉफीतलं फारसं कळत नाही, पण सकाळी उठायला तो यासाठीच तयार होतो, आणि मला तेवढं पुष्कळ आहे.

सकाळ, निघण्याआधी.

चोथ्याचं. पुरायचा नाही, ओढ्यात तर मुळीच टाकायचा नाही. या थंडीत तो लवकर कुजत नाही, आणि वासाने प्राणी उकरायला येतात. सोबत न्यायचा. पण ओला चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो. २२ ग्रॅमची पूड ६५ ग्रॅमच्या पुढे जाते. तो तसाच पिशवीत भरला तर दोन-तीन दिवसांत फिल्टरच काय, एरोप्रेसचंही वजन गाठतो. म्हणून तो आधी कापडात पिळायचा, मग तंबू आवरेपर्यंत सपाट दगडावर कापडातच उन्हात पसरायचा. इथली हवा कोरडी आहे, तासाभरात बराच हलका होतो. हे काम मी कोणावर सोपवत नाही.

इन्स्टंटची दोन पाकिटंही आहेत, हे लिहायला हवं. नेसकॅफे १९३८ मध्ये आली तेव्हापासून इन्स्टंट कॉफीने किती लोकांना किती वाईट हवेत आधार दिला असेल. गोठवून वाळवलेली असेल तर तिचा सुगंधही बऱ्यापैकी टिकतो, कारण बर्फाची थेट वाफ होते आणि फार तापवावं लागत नाही. वादळात सहा मिनिटं बसायची सोय नसते, तेव्हा तीच. ती चांगल्या कॉफीची शत्रू आहे असं मला कधीच वाटलं नाही.

ग्राइंडर मात्र आणला नाही. चांगला छोटा हातग्राइंडरसुद्धा पाव किलोच्या आसपास जातो, आणि आठवड्यापेक्षा लहान फेरीत ते वजन मला पटत नाही. त्याऐवजी घरी निघायच्या आदल्या रात्री दळून, एका वेळेची एक अशी छोटी पाकिटं करून हवा काढून बंद केली. मोठी पिशवी रोज उघडली की रोज सगळ्याच पुडीला हवा लागते. छोट्या पाकिटात शेवटच्या दिवसाची कॉफी शेवटच्या दिवशीच उघडते. दळण एकसारखं नाही. खालच्या मुक्कामांसाठी मध्यम, वरच्यांसाठी बारीक, आणि प्रत्येक पाकिटावर पेनने उंची लिहिली आहे.

आज रात्री खिंडीखाली, ४८०० मीटरवर. तिथे पाणी ८४ अंशांना उकळेल. सर्वांत बारीक दळलेलं, सर्वांत गडद भाजलेलं पाकीट त्या मुक्कामासाठी आहे, २४ ग्रॅमचं, तेवढ्याच पाण्याला. नऊ मिनिटं देणार आहे. धाकट्याची लोकरीची टोपीही मगसाठी मागून ठेवली आहे. दोन टोप्या लागतील.