आयरिश टूर ’७४ : उन्हाळ्यापासून आजवरच्या सरावाची नोंद

‘अ मिलियन माइल्स अवे’ या गाण्याचा मधला शांत भाग आता हाताला बसला आहे, म्हणून ही नोंद लिहायला घेतली. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरच्या ‘आयरिश टूर ’७४’ या लाइव्ह अल्बमवर मी उन्हाळ्यापासून काम करते आहे. अख्खा अल्बम जसाच्या तसा उतरवून घ्यायचा माझा हेतू नाही. मला त्यातली एकच गोष्ट शिकायची आहे : हा माणूस आवाज खाली कसा आणतो. हार्ड रॉकमध्ये जोरात वाजवणारे पुष्कळ आहेत. चालू गाण्यात चौघांचा बँड कुजबुजीपर्यंत उतरवायचा, समोरच्या गर्दीला तिथेच धरून ठेवायचं आणि मग पुन्हा वर न्यायचं, हे करणारे फार थोडे. रोरी त्यांत माझ्या लेखी सर्वांत वर आहे.

ज्यांनी हा अल्बम अजून ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७०च्या शेवटी ‘टेस्ट’ हा त्याचा बँड फुटला आणि रोरी स्वतःच्या नावाने वाजवू लागला. १९७२चा ‘लाइव्ह इन युरोप’ हा एकट्याच्या नावावरचा पहिला लाइव्ह अल्बम, आणि १९७४चा हा दुसरा, दुहेरी एलपी. ध्वनिमुद्रण जानेवारी १९७४मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथल्या कार्यक्रमांत, रॉनी लेनच्या फिरत्या स्टुडिओवर झालं. उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचारामुळे त्या काळात बाहेरचे बँड बेलफास्टला जायला धजत नव्हते. रोरी मात्र दरवर्षी जायचा. बेसवर बेलफास्टचाच गेरी मॅकअव्हॉय, कीबोर्डवर लू मार्टिन, ड्रम्सवर वेल्सचा रॉड डिॲथ. याच दौऱ्यावर टोनी पामरने माहितीपट केला आहे. तो बघाच, कारण रोरीच्या उजव्या हाताची करंगळी काय करते ते नुसतं ऐकून कळत नाही.

मे

सुरुवात टोनपासून केली. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातला रोरीचा आवाज म्हणजे १९६१ची स्ट्रॅटोकास्टर गिटार, डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर (वरचे सूर उठावदार करणारा डबा) आणि व्हॉक्स एसी३० हा अॅम्प. पेडलबोर्ड वगैरे काही नाही. नागपूरच्या फ्लॅटमध्ये एसी३० उघडणं शक्यच नाही, त्यामुळे माझ्याकडे ईएल८४ व्हॉल्व्हचा पाच वॉटचा लहान अॅम्प आहे. एसी३०मध्ये हाच व्हॉल्व्ह चार नग असतो, म्हणून गोत्र तरी जुळतं. रेंजमास्टर मी घरीच सोल्डर केला.

सर्किट अगदी साधं आहे : एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके रेझिस्टर आणि कपॅसिटर. खरी करामत इनपुटच्या कपॅसिटरची. मूळ डब्यात तो ०.००५ मायक्रोफॅरडचा असतो आणि खालचे सूर जवळजवळ अडवूनच धरतो. त्यामुळे अॅम्पचा व्हॉल्व्ह बेसच्या भाराने गुदमरत नाही, वरचे आणि मधले सूर तेवढे विकृत होतात. एसी३०चा जो चॅनल एरवी जाड आणि मंद वाटतो, तो या डब्यामुळे टोकदार होतो. माझा अॅम्प मुळातच पातळ बोलतो, म्हणून मी ०.०१चा कपॅसिटर घातला. मध्य भरला, आणि ब्रिज पिकअप (तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांपैकी ब्रिजजवळचा) कानाला टोचायचा थांबला.

आता विदर्भातल्या मंडळींसाठी खास सूचना. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तापमान दर दहा-एक अंशांनी वाढलं की ट्रान्झिस्टरचा गळता प्रवाह साधारण दुप्पट होतो आणि बायस, म्हणजे त्याचा ठरवून दिलेला व्होल्टेज, सरकतो. सकाळी सुरेल वाजणारा डबा मेच्या दुपारी फुरफुरायला लागतो, सूर धरला की मध्येच तुटतो. उपाय म्हणून स्थिर रेझिस्टरच्या जागी ट्रिमपॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) बसवा आणि मल्टिमीटर कलेक्टरला लावून, ९ व्होल्टच्या बॅटरीवर, ७ व्होल्टच्या आसपास आणून ठेवा. उन्हाळ्यात एकदा आणि पाऊस लागल्यावर एकदा हे करावंच लागतं. आणखी एक : मूळ सर्किट पॉझिटिव्ह ग्राउंडचं आहे. दुसऱ्या पेडलांच्या साखळीत त्याला एकाच अॅडॉप्टरवर जोडू नका, बॅटरीच बरी.

गिटार आणि हा डबा यांच्यामध्ये बफर (सिग्नल पुढे ढकलणारं मधलं सर्किट) असलेलं काहीही नको. ट्यूनरसुद्धा नको. पिकअप थेट ट्रान्झिस्टरला भिडला तरच गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज स्वच्छ होतो, आणि या अल्बमचं सगळं रहस्य त्याच स्वच्छ होण्यात आहे. व्हॉल्यूम १०वर ठेवला की ओरडतो, ७वर आला की कुरकुरतो, ४वर तार नुसती घंटेसारखी बोलते. पायाने काहीही दाबायचं नाही. सगळे बदल उजव्या हाताच्या करंगळीत.

जून

‘क्रेडल रॉक’ आणि ‘टॅटूड लेडी’. दोन्ही मूळची १९७३च्या ‘टॅटू’मधली, आणि दोन्ही इथे स्टुडिओपेक्षा जास्त जिवंत आहेत. ‘क्रेडल रॉक’चा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) लवकर बसतो, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. मेट्रोनोमवर मात्र वाजवू नका. डिॲथचा ठेका किंचित पुढे झुकलेला आहे, त्या रेकॉर्डिंगसोबतच वाजवा.

‘टॅटूड लेडी’त माझं लक्ष लू मार्टिनकडे गेलं आणि तिथेच राहिलं. कीबोर्ड बोलत असताना रोरी कॉर्ड पूर्ण वाजवत नाही, दोन-तीन तारांचा तुकडा टाकून हात उचलतो. आपण घरी एकट्याने सराव करतो तेव्हा प्रत्येक जागा भरायची सवय लागते. मग मी कीबोर्ड वाजवणाऱ्या मित्राला बोलावलं आणि स्वतःवर एक नियम घातला : तो वाजवत असताना माझ्या हाताखाली दोनपेक्षा जास्त तारा नकोत. पहिल्याच बैठकीत गाणं मोकळा श्वास घ्यायला लागलं. गटात वाजवणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग करून बघायला सांगेन.

याच दरम्यान मी गिटारचं वायरिंग बदललं. जुन्या स्ट्रॅटमध्ये दोन टोन नॉब असतात, एक नेकच्या पिकअपला आणि एक मधल्याला. ब्रिज पिकअपला टोन नॉबच नसतो. रोरीने आपल्या गिटारमध्ये बदल करून एकच टोन नॉब सगळ्यांसाठी ठेवला होता. ब्रिज पिकअपवर सूर धरून टोन नॉब हळूच फिरवला की वा पेडलसारखा आवाज निघतो, आणि तो पायाच्या पेडलपेक्षा जास्त माणसाच्या गळ्यासारखा वाटतो. एक वायर इकडची तिकडे करायची एवढंच काम आहे. करून घ्या.

गिटारचा विषय निघालाच आहे तर त्या गिटारबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. रॉयल शोबँड या आयरिश बँडच्या जिम कॉनलनने लाल रंगाची स्ट्रॅट मागवली होती, आली सनबर्स्ट. पुढे लाल मिळाल्यावर त्याने ही दुकानात देऊन टाकली. १९६३मध्ये कॉर्कच्या क्रॉलीज दुकानातून पंधरा वर्षांच्या रोरीने ती १०० पौंडांना हप्त्यांवर घेतली आणि आयुष्यभर वाजवली. त्याच्या घामाने तिचा रंग इतका उडाला की शेवटी जवळजवळ उघडं लाकूडच उरलं. ऑक्टोबर २०२४मध्ये लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात तिला सुमारे ८ लाख ८९ हजार पौंड मिळाले आणि ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला भेट देण्यात आली. एखाद्या श्रीमंताच्या काचेच्या कपाटात न जाता ती तिच्या देशात, लोकांना बघता येईल अशा जागी गेली याचा मला मनापासून आनंद झाला.

जुलै-ऑगस्ट

पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, त्यामुळे वाजवून झालं की सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसते. मुख्य काम ‘अ मिलियन माइल्स अवे’चं.

गाण्यातला माणूस समुद्राकाठच्या हॉटेलच्या बारमध्ये बसला आहे. भोवती गर्दी, पियानो चालू, आणि तो मनाने कुठेतरी फार लांब. हे रेकॉर्डिंग साडेनऊ मिनिटांचं आहे. त्यातली दोन-तीन मिनिटं बँड इतका खाली उतरतो की सभागृहाची हवा ऐकू येते. ही जागा मी टॅब (गिटारची लिखित स्वरलिपी) बघून शिकायला नकार दिला. सूर कुठले आहेत हा तिथे प्रश्नच नाही, फार थोडे सूर आहेत. प्रत्येक सुराचं तोंड कुठे आहे, हा प्रश्न आहे.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीने नॉब उघडायचा. पिकचा आघात लपतो आणि सूर ऑर्गनसारखा आतून उगवतो. क्रिया सोपी आहे, ती लयीत बसवणं अवघड. छेडायचं मात्रेच्या आधी, म्हणजे सूर फुलून येईल तो बरोबर मात्रेवर. मी प्रथम एकाच सुरावर हे केलं, मागे मेट्रोनोमऐवजी मित्राचे लांब धरलेले ऑर्गनचे कॉर्ड. ते जमल्यावर दोन सूर, मग छोटी ओळ. आपल्याकडे ख्यालात बढत करताना गायक एकेक सुराला जितका वेळ देतो तितका इथे द्यावा लागतो. ज्यांनी लहानपणी थोडं शास्त्रीय गाणं शिकलं आहे त्यांना ही जागा इतरांआधी सापडेल असं मला वाटतं.

मला कळलेली दुसरी गोष्ट : खाली उतरताना रोरी वेग कमी करत नाही. आवाज कमी झाला की आपला ठेका आपोआप ढिला पडतो, जवळजवळ सगळ्यांचा. तो मात्र पिक तारेवर तेवढ्याच नेमाने ठेवतो, तळहाताची कड ब्रिजवर टेकवून तारा अर्धवट दाबतो, आणि मॅकअव्हॉयचा बेस खाली चालत राहतो. लय घट्ट असल्यामुळेच ती शांतता सैल वाटत नाही. हे समजल्यावर ‘वॉक ऑन हॉट कोल्स’ उलगडायला लागलं. ते ११ मिनिटांच्या वर आहे आणि मला या अल्बमचं शिखर वाटतं. मी त्याचे तुकडे करून फक्त उतारांचा सराव करते आहे : पूर्ण जोर, चार आवर्तनांत अर्धा, पुढच्या चारांत पाव, तिथे थांबायचं. चढ आपोआप येतो, त्याची काळजी करू नका.

रोरीचे ते किंचाळणारे पिंच हार्मोनिक्स (पिक आणि अंगठा एकदम लागून निघणारे उंच सूर) इथे भरपूर आहेत. पिक अगदी टोकाशी धरा, अंगठ्याची कड तारेला ओझरती लागू द्या, आणि ब्रिज व नेकच्या पिकअपमध्ये जागा बदलून बघा. दोन मिलिमीटर सरकलं तरी वेगळा सूर उडतो. तो व्हॉल्यूम ७वर ठेवूनही ते काढतो, कारण जोर त्याच्या मनगटात आहे.

टोनी जो व्हाइटचं ‘ॲज द क्रो फ्लाइज’ तो नॅशनल रेझोनेटर (आत धातूची तबकडी असलेली गिटार) आणि गळ्यात अडकवलेला हार्मोनिका घेऊन एकटाच वाजवतो. माझ्याकडे रेझोनेटर नाही, ते सध्या बाजूला.

पुढे

‘हूज दॅट कमिंग’ची स्लाइड, म्हणजे बोटात काचेची नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवणं. त्यासाठी एक जुनी गिटार वेगळी काढली आहे. तिचा नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) थोडा उंच करून घेतला आणि वरच्या दोन तारा एक-एक गेज जाड लावल्या, म्हणजे काच फ्रेटवर आपटणार नाही. करंगळीत काच घातली तरी उरलेल्या बोटांनी कॉर्ड धरता येतात, म्हणून काच करंगळीतच ठेवणार आहे. ज्यांनी जर्मेनियम बूस्टरवर स्लाइड वाजवली आहे त्यांनी व्हॉल्यूम कितीवर ठेवला ते जरूर कळवा. माझा सध्या ६वर आहे, आणि बायस मी पाऊस थांबला की पुन्हा तपासणार आहे.