मारबत महाग करायची की संत्रा मार्केट आवरायचं? आमच्या कार्ड गेमची तिसरी नोंद

मागच्या नोंदीनंतर गेममध्ये एकही नवं कार्ड घातलं नाही. अख्खा महिना एकाच कार्डावरच्या भांडणात गेला, आणि त्यातून जे हाती लागलं ते दहा नव्या कार्डांपेक्षा मला मोलाचं वाटतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: डेक, म्हणजे प्रत्येकाचा कार्डांचा संच, २० कार्डांचा, एका कार्डाच्या जास्तीत जास्त दोन प्रती. सुरुवातीला हातात ४ कार्डं, मग दर डावाला एक. कार्ड टाकायला ऊर्जा मोजावी लागते; ती पहिल्या डावात १, दुसऱ्यात २, अशी वाढत जाते. सुरुवातीला हातात आलेली कार्डं बदलून घ्यायची सोय अजून ठेवलेली नाही.

भांडण 'मारबत' या कार्डावरून. किंमत ६ ऊर्जा. मैदानावर ३ किंवा कमी ताकदीचं जे काही आहे ते दोन्ही बाजूंचं घेऊन जाते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि मग तो जाळतात. तिथल्या इतवारीच्या गर्दीत उभं राहून 'घेऊन जा गे मारबत' ऐकत मोठी झाले, त्यामुळे हे कार्ड गेममध्ये हवंच होतं. पण रविवारी घरी सगळे खेळायला बसले की मावसभावाचं एकच पालुपद: "ताई, मारबत आली का माह्यं काहीच उरत नाही न वं. आठ कर तिले."

वहीत पाहिलं तर मारबतचा डेक ४० पैकी २५ गेम जिंकला होता. ६२ टक्क्यांच्या वर! त्याच रात्री किंमत वाढवणार होते. मग नाण्याचा हिशोब केला. साधं नाणं ४० वेळा उडवलं तरी २५ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता साधारण ८ टक्के असते. म्हणजे डेक अगदी समसमान असता तरी एखाद्या महिन्यात माझ्या वहीत हाच आकडा आला असता. ४० गेमवरचा विन रेट (जिंकण्याची टक्केवारी) दोन्हीकडे १५ टक्के हलू शकतो. आपण सगळेच वीस-पंचवीस गेम खेळून 'हा डेक ओपी आहे', म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान आहे, असं ठरवतो. मीही तेच करत होते.

म्हणून संगणकालाच संगणकाविरुद्ध बसवलं. एकेका प्रकारात २,००० गेम. इतक्या गेमवर चूक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास राहते. मूळ डेक ५८ टक्के जिंकला. मारबत काढून तिच्या जागी ६ ऊर्जेचा 'बख्त बुलंद' घातला, तरी ५७. मारबत परत घातली आणि 'संत्रा मार्केट' काढलं, तर थेट ५१.

संत्रा मार्केट हे २ ऊर्जेचं साधं कार्ड: हातातलं सर्वांत महाग कार्ड २ ऊर्जेने स्वस्त करतं. त्याच्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही. करणार कशी? ते मैदानावर काहीच पाडत नाही. हरणाऱ्याला दिसते ती चौथ्या डावातच आलेली मारबत. खरं तर मारबत सहाव्या डावाचं कार्ड आहे आणि सहाव्या डावात ती ठीकच आहे.

हार्थस्टोन हा डिजिटल कार्ड गेम खेळणाऱ्यांना इथे ग्रिम पेट्रन हे कार्ड आठवेल. २०१५ मध्ये त्याच्या वॉरियर डेकने सगळ्यांना हैराण केलं होतं. मैदान भरून टाकायचा तो पेट्रन, पण त्याला आल्या आल्या हल्ला करू द्यायचं वॉरसाँग कमांडर हे दुसरं कार्ड. ऑक्टोबर २०१५ मध्ये बदललं ते कमांडर. पेट्रनला हात लावला नाही. निदान अचूक होतं, पण माझ्या मते औषध फार कडक झालं: कमांडर जवळजवळ दिसेनासंच झालं. त्यापेक्षा २०२३ च्या सुरुवातीला मार्व्हल स्नॅप या दुसऱ्या कार्ड गेममध्ये झाबू या कार्डाचं केलं ते मला पटतं. ४ ऊर्जेच्या कार्डांवरची सूट दोनवरून एक केली. कार्ड जगलं, दादागिरी संपली.

मी मात्र सूट कमी केली नाही, कारण आमच्याकडे एक ऊर्जेची सूट कुणी २ ऊर्जा मोजून घेणार नाही. मी प्रती मोजल्या. चौथ्या डावापर्यंत ८ कार्डं हातात आलेली असतात. दोन्ही कार्डांच्या दोन-दोन प्रती असतील, तर तोवर मार्केट आणि मारबत दोन्ही मिळण्याची शक्यता ४१ टक्के. मार्केटची एकच प्रत ठेवली की ती २५ वर येते. मारबतची किंमत आठ काय, दहा केली तरी ही ४१ तशीच राहते. आठ केली तर मारबतचा मार नुसता दोन डाव पुढे सरकतो, आणि ज्यांच्या डेकात मार्केट नाही त्यांच्यासाठी मारबत मरते.

तर मार्केट आता डेकमागे एकच.

पण एवढ्यावर मावसभावाची तक्रार मिटवणं मला बरोबर वाटेना. आमचा संगणक मारबत हाती आली की लगेच टाकतो. समोरच्याने मैदान भरेपर्यंत थांबणं त्याला जमत नाही. माणूस थांबतो. तेव्हा मारबतची खरी ताकद त्या आकड्यांपेक्षा जास्त असणार. आणि सगळं मैदान एका क्षणात रिकामं होतं, समोरच्याला काही करायची संधीच मिळत नाही, हे त्याचं म्हणणं आकड्यांनी खोटं ठरत नाही.

उत्तर मिरवणुकीतच होतं. मारबत निघाली की लगेच जळत नाही. आधी वस्तीतून फिरते, लोक तिच्यापुढे इडा-पीडा टाकतात, मग दहन. आता कार्डही तसंच चालतं: या डावात मारबत मैदानावर येते, आणि तुमचा पुढचा डाव सुरू होताना सगळं घेऊन जाते. समोरच्याला मधला एक डाव मिळतो. त्यात त्याने आपलं एखादं कार्ड ४ ताकदीवर नेलं तर ते वाचतं. किंमत सहाच.

या बदलाचे आतापर्यंत ११ गेम झालेत, म्हणजे विन रेट काढण्यात अर्थ नाही. पण परवा मावसभावाने मारबत समोर उभी असताना आपला 'गोंड शिलेदार' ३ वरून ५ वर नेला, मारबत बाकी सगळं घेऊन गेली, आणि त्या एकट्या शिलेदाराच्या जोरावर तो जिंकला. पुढच्या रविवारी तोच मारबतचा डेक घेऊन बसणार आहे.