बूट बदलून मिळेपर्यंत: ट्रेनिंगचे पहिले आठवडे

गावाकडून अग्निवीर म्हणून निघालेल्या पोरांचे मला फोन येतात. "दादा, पहाटे उठवतात का? रगडा किती देतात? मोबाइल?" उठवतात. शिट्टी वाजली की आठवडाभरात अंग आपसूक उठायला लागतं. मोबाइल जमा होतो आणि रविवारी थोडा वेळ हातात येतो. घरची आठवण येते, पण बहुतेक रात्री तिच्या आधी झोप येते. माझं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं होतं, त्यातले पहिले १० बेसिकचे. त्या १० आठवड्यांत मला खरा त्रास दिला तो बुटांनी. बुटांनी म्हणण्यापेक्षा बुटांच्या स्टोअरने.

किट वाटपाच्या दिवशी सगळी प्लाटून लाइनीत उभी. खिडकीतल्या माणसाने मला वरून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि आठ नंबरची जोडी पुढे सरकवली. मला नऊ लागतो, असं मी सांगितलं. "पहनते पहनते खुल जाएगा," असं म्हणून त्याने रजिस्टर फिरवलं, सही घेतली, पुढचा! चामडं वापरून रुंदीला थोडं सैल पडतं, लांबीला नाही, हे तिथे कोणाला ऐकवणार? आम्हाला मिळणाऱ्या डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) बुटाचा तळ तर साच्यातच वरच्या भागाला जोडलेला असतो. तो तसूभरही हलत नाही.

मग सुरू झालं ड्रिल. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० कदम, एकेक कदम ३० इंचांचा, टाच आधी टेकायची. 'सावधान' म्हटलं की डावा पाय उचलून उजव्याशेजारी धाडकन आपटायचा. आपटला की अंगठा बुटाच्या टोकावर जाऊन बसायचा. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, टाचेला फोड आले, ते फुटले आणि मोजे चिकटायला लागले. भरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलेला मी, परेड ग्राउंडवरून बॅरेकपर्यंत लंगडत यायचो.

बदली मागायला स्टोअरला गेलो तर प्लाटून हवालदाराची चिठ्ठी आणा म्हणाले. चिठ्ठी आणली तर बदलीचा वार वेगळा. त्या वारी आमची फायरिंगची प्रॅक्टिस. पुढच्या खेपेला बूट उलटे करून तळ बघितला आणि म्हणाले, हे वापरलेले आहेत, वापरलेले परत घेत नाही. बूट घालूनच फॉलिन व्हायचा, म्हणजे रांगेत हजर व्हायचा हुकूम असताना न वापरलेले बूट आणायचे कुठून? हा प्रश्न मी अर्थातच मनात विचारला, रिक्रूटने तो मोठ्याने विचारायचा नसतो. शेजारच्या प्लाटूनमधल्या एकाला नऊ नंबर ढगळ होत होता. आम्ही दोघांनी आपसात बदलायचं ठरवलंही, पण बुटावर आपापला नंबर टाकलेला. किट तपासणीत दुसऱ्याचा नंबर सापडला तर दोघांचीही पिठ्ठू परेड, म्हणजे पाठीवर भरलेली पिशवी घेऊन शिक्षेची परेड.

फोड बरे करायचे तर सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी म्हणून डॉक्टरकडे हजेरी. तिथे खरी भीती रेलिगेशनची. एक्सक्यूजवर, म्हणजे परेडमधून सूट घेऊन जास्त दिवस राहिलास तर मागच्या बॅचमध्ये ढकलतात. म्हणून पोरं दुखणं लपवतात. फोडाचं एक वेळ ठीक आहे, पण नडगीच्या आतल्या कडेला एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर लपवू नका. अचानक वाढलेल्या धावण्याने, परेडने हाडाला बारीक तडा जातो. पावलातल्या हाडालाही जातो. सैनिकांच्या या दुखण्याची नोंद एका प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच केली होती. लवकर दाखवलं तर काही आठवडे विश्रांती. अंगावर काढलं तर हाड मोडतं, आणि मग रेलिगेशन चुकतच नाही.

अखेर आमच्या उस्तादांनीच, म्हणजे ड्रिल शिकवणाऱ्यांनीच मला बरोबर घेतलं. दिवसभर आमची चामडी सोलणारा हा माणूस स्टोअरच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "इसका पाँव देखो." बस. चिठ्ठी नाही, वार नाही. नऊ नंबरची जोडी मागच्याच मांडणीवर होती! त्या संध्याकाळी मी बॅरेकमध्ये बूट घालून उगाचच चार फेऱ्या मारल्या. राग मात्र अजून गेलेला नाही.

तर किट घेताना माप बसून देऊ नका. उभं राहिलं की वजनाने पाऊल लांब होतं. जाड मोजे घालूनच बूट चढवा, बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. संध्याकाळी पाय थोडा सुजलेला असतो, तेही धरून चला. मोज्यांच्या जादा जोड्या घरूनच न्या. ओला मोजा दिवसभर घातला तर योग्य मापाचा बूटही फोड आणतो. फोडाची कातडी ओरबाडू नका. आणि घरून निघण्याआधी पायाची नखं सरळ कापा, कोपरे खोल घेऊ नका, हे मघाशीच सांगायचं राहिलं.

मागची लाइन कितीही ओरडू दे, दोन्ही बूट घालून, नाड्या बांधून, उभं राहून बघितल्याशिवाय त्या रजिस्टरवर सही करू नका. माझ्या सहीच्या वर 'माप योग्य' असं आधीच छापलेलं होतं.