किलिमांजारो: अजिंक्यतारा रोज चढणाऱ्यांनी जाण्याआधी वाचावं असं

आफ्रिकेतल्या टांझानियात, किलिमांजारोच्या मचामे गेटवर गाडीतून उतरता, तेव्हाच तुम्ही साधारण 1800 मीटरवर असता. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (1646 मीटर) उंच, आणि चालायला अजून सुरुवातसुद्धा नाही. हा हिशेब पहिल्यांदा सांगते, कारण आम्ही निघालोय हे कळल्यावर साताऱ्यात जो तो म्हणायचा, "तुम्हाला काय अवघड, रोज अजिंक्यतारा चढताय की." अजिंक्यताऱ्याचा उपयोग होतो, भरपूर होतो, पण पायांना. किलिमांजारोवर माणसं अर्ध्यातून परत फिरतात ती बहुतेक वेळा डोकं ठणकून आणि उलट्या होऊन. माथ्यावर, 5895 मीटरवर, समुद्रकाठच्या मानानं निम्माच प्राणवायू मिळतो. त्याचा सराव साताऱ्यात करता येत नाही, पुण्यातल्या जिममध्येही नाही. तो डोंगरावरच, हळूहळू करावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात.

आम्ही घरचेच होतो. मी, नवरा, नणंद आणि धाकटे दीर. वासोटा, कमळगड, वैराटगड, चंदन-वंदन ही आमची नेहमीची मैदानं. भाऊजी तर सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वर घाट पळत चढणारे. आमच्या गावच्या प्रियांका मोहिते यांनी 2013 मध्ये एव्हरेस्ट सर केल्यापासून इथल्या ट्रेकर मंडळींना उंच डोंगरांची स्वप्नं पडतात. एव्हरेस्टचा खर्च आणि धोका आमच्या आवाक्यातला नाही. किलिमांजारोला दोर लागत नाही, बर्फातली कुऱ्हाड लागत नाही, फक्त चालायचं असतं. म्हणूनच लोक त्याला हलक्यात घेतात.

वाटा बऱ्याच आहेत. मारंगूवर लाकडी झोपड्यांत राहायची सोय आहे, म्हणून तिला सोपी म्हणतात, पण त्याच वाटेनं चढायचं आणि त्याच वाटेनं उतरायचं. रोंगाई उत्तरेकडून येते. लेमोशो पश्चिमेकडून येते, लांब आणि महाग. आम्ही मचामे घेतली. ती सहा दिवसांत करता येते आणि सात दिवसांतही. सात दिवसांत करांगा कॅम्पवर एक जादा मुक्काम मिळतो. उद्यानाचं शुल्क दर दिवसाला आणि मुक्कामाचं दर रात्रीला डॉलरमध्ये लागतं. स्वस्त पॅकेज स्वस्त असतं ते या एका रात्रीला कात्री लावून. पैसे वाचवायचेच तर जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पायथ्याच्या मोशी गावात भाड्यानं घ्या, चांगली मिळतात. दिवस मात्र कापू नका. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे.

गाईडशिवाय किलिमांजारो चढू देत नाहीत, तो नियमच आहे. गाईडबरोबर सहायक गाईड, आचारी आणि सामान वाहणारे पोर्टर असा मोठा गोतावळा येतो. चौघांसाठी एवढी माणसं पाहून पहिल्या दिवशी संकोच वाटला. गेटवर पोर्टरांची ओझी वजन करूनच आत सोडतात, प्रत्येकी 20 किलोंपर्यंत. तुमची बॅग त्यात साधारण 15 किलोंची धरतात, म्हणून घरूनच वजन करून निघा. कंपनी निवडताना पोर्टरांना मजुरी किती, जेवण किती वेळा, झोपायला तंबू आहे का, हे विचारा. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था याच गोष्टी तपासते. तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांची यादी पाहून निवडलेलं बरं. फार स्वस्त पॅकेजमध्ये कुणाच्या तरी पोटाला चिमटा बसलेला असतो.

पहिला दिवस जंगलातला. ओलं, शेवाळलेलं, झाडांवरून दाढीसारख्या वेली लोंबणारं जंगल. काळीपांढरी, झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडं दिसली. पावसाळ्यात कासला जाणाऱ्याला हा चिखल नवा नाही. रेनकोट आणि पाठपिशवीचं कव्हर मात्र हाताशीच हवं, पोर्टरच्या बॅगेत नको, कारण तो तुमच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. मुक्काम तीन हजार मीटरच्या आसपास. कॅम्पवर नोंदवहीत नाव, वय, व्यवसाय लिहावा लागतो. नणंदेनं व्यवसायाच्या रकान्यात "शेती" लिहिलं, तर मुख्य गाईडनं लगेच विचारलं, काय पिकवता? मग ऊस, आलं, स्ट्रॉबेरी यावर तासभर गप्पा. त्याच्या घरी केळी आणि कॉफी. किलिमांजारोचा पायथा तिथल्या स्थानिक चग्गा लोकांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागांनी भरलेला आहे, गेटपर्यंतचा रस्ता त्यातूनच जातो.

दुसऱ्या दिवशी जंगल संपतं, झुडपं लागतात आणि शिरा पठार येतं. संध्याकाळी ढगांच्या वर मेरू या टांझानियातल्याच दुसऱ्या पर्वताचं टोक दिसलं. इथं उभं राहिलं की कळतं की किलिमांजारो हा तीन ज्वालामुखींचा मिळून झालेला डोंगर आहे. शिरा सगळ्यात जुना, तो खचून पठार झाला. मावेन्झी झिजून नुसते सुळके उरले. तिसरा किबो, ज्यावर आपण चढतो. तो झोपलेला आहे, मेलेला नाही. त्याच्या विवरातून आजही वायू निघतात. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो भेगांमधून वाहून थरावर थर साचलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि मग पावसानं कापून काढलेला. म्हणून आपल्याकडे कडे आणि सपाट माथे, आणि तिकडे एकटा उभा शंकू.

तिसरा दिवस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिरा कॅम्पवरून 4600 मीटरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं, तिथं जेवायचं, आणि पुन्हा उतरून 3900च्या आसपास बरांको कॅम्पला झोपायचं. एवढं चढून परत खाली कशाला, असं वाटतं. पण उंचीवर जाऊन आलेलं शरीर रात्री खाली झोपताना सावरतं, रक्त तयारीला लागतं. लाव्हा टॉवरला माझं डोकं जड झालं, बरांकोला उतरेपर्यंत मोकळं झालं. भाऊजी मात्र त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे. गाईड मागून "पोले पोले", म्हणजे सावकाश, असं ओरडतोय आणि हे कॅम्पवर पोचून आमची वाट बघतायत. सह्याद्रीत आपण किल्ला किती वेळात सर केला ते सांगतो, तीच सवय. इथं श्वास न लागता बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. वरात चालते तसं म्हणा.

बरांकोच्या दरीत ती सेनेसिओची विचित्र झाडं दिसतात, माणसापेक्षा उंच बुंधा आणि वर कोबीएवढाले पानांचे गड्डे. चौथ्या दिवशीच्या बरांको भिंतीबद्दल मात्र फार घाबरवतात. साताऱ्याच्या माणसाला तिचं काही वाटू नये. हाताचा आधार घेत चढायचा कातळ आहे, एवढंच. काठ्या बॅगेला बांधा आणि पोर्टर आला की डोंगराच्या बाजूला सरून त्याला वाट द्या.

जेवण चांगलं असतं. सूप, भात, भाज्या, पॉपकॉर्न, सकाळी लापशीसारखं काहीतरी. शाकाहाराचं आधीच कळवा. पण चार हजारांच्या वर भूक मरते, चांगलं अन्नही घशाखाली उतरत नाही. तिथं आमचं मेटकूट आणि लिंबाचं लोणचं कामी आलं. गरम मऊ भातावर मेटकूट, एवढं एकच माझ्या पोटात जात होतं. कंदी पेढे नेले होते, ते बराफूला, शिखराआधीच्या शेवटच्या कॅम्पवर, पोर्टरांसह सगळ्यांनी संपवले. एक लक्षात ठेवा, टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. चिवडा, भडंग, शेंगदाणे कॅरीबॅगेत बांधून नेऊ नका, कापडी पिशव्या नाहीतर डबे घ्या. एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्याही डोंगरावर चालत नाहीत.

बायकांसाठी: कंपनीकडून तंबूतलं खासगी शौचालय मागून घ्या, थोडे जास्त पैसे पडतात पण रात्री वाऱ्यात लांब जावं लागत नाही. उंचीवर पाळीची तारीख पुढेमागे होते, तेव्हा तयारी ठेवाच. वापरलेलं सगळं परत खाली आणायचं असतं.

सकाळ-संध्याकाळ गाईड बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहितो आणि डोकं, पोट, झोप यांची चौकशी करतो. त्याच्याशी खरं बोला. करांगापासून भाऊजींचं डोकं दुखत होतं आणि ते "थोडंसं" म्हणत होते. बराफूला, म्हणजे साधारण 4650 मीटरवर, दुपारी उलट्या सुरू झाल्या. मला हळूच म्हणाले, "वहिनी, लय ठणकतंय." मी गाईडला बोलावलं. त्यानं सरळ रेषेत चालायला लावलं, आकडा पाहिला आणि म्हणाला, खाली. भाऊजींनी वाद घातला, मग रुसले, मग गेले. एक सहायक गाईड त्यांना घेऊन उतरला आणि दोनेक तासांत त्यांचं डोकं हलकं झालं. म्हणून विचारून ठेवा की तुमच्या गटाबरोबर सहायक गाईड किती असणार. एकालाच खाली जावं लागलं तर बाकीच्यांची चढाई थांबू नये. उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स ही गोळी घ्यायची की नाही ते आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. ती घेतली की लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. आणि गोळी घेतली म्हणून पळायला मोकळे, असंही नाही.

शिखराची चढाई मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. थंडी उणे दहाच्याही खाली जाते, वर वारा. वाट भुसभुशीत मुरमाची, रात्री गोठलेली असते तोवर जरा बरी. हेडलॅम्पच्या उजेडात पुढच्याच्या बुटांकडे बघत राहायचं, बाकी काही नाही. नळीच्या पाणीपिशवीतली नळी गोठते, तेव्हा पाणी बाटलीतच न्या, लोकरीच्या मोज्यात घालून उलटी ठेवा. बॅटरीचे जादा सेल आणि मोबाईल आतल्या खिशात, अंगाशी. मोज्यांचे थर वाढवून बूट घट्ट करू नका, रक्त अडतं आणि बोटं जास्त गारठतात. स्टेला पॉइंटला, 5756 मीटरवर, विवराच्या काठाला लागलो तेव्हा मावेन्झीमागे तांबडं फुटत होतं. बरेच जण इथंच संपलं असं समजतात. खरा माथा, म्हणजे उहुरू शिखर, अजून जवळपास तासाभराच्या चालीवर असतं, चढ मात्र सौम्य.

त्या तासात डाव्या हाताला बर्फाच्या निळसर भिंती दिसतात. हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर 1889 मध्ये इथं पहिल्यांदा पोचले तेव्हा माथ्यावर बर्फाची मोठी टोपी होती. 1912 पासून त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेला. उरलेला बघायला मिळाला याचं समाधान वाटलं आणि थोडं अपराधीही. शिखरावरच्या पाटीसमोर फोटोसाठी रांग असते, आणि तिथं फार वेळ थांबू देत नाहीत, ते बरोबरच आहे.

उतरणं लोक धरतच नाहीत. शिखरावरून बराफू, थोडं जेवण, आणि त्याच दिवशी म्वेका कॅम्प. जवळजवळ 2800 मीटरचा उतार एका दिवसात. गुडघे बोलायला लागतात. म्हणून साताऱ्यात सराव करताना चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष द्या. पाठीवर सहा-सात किलो घेऊन सज्जनगडाच्या पायऱ्या, जरंडेश्वर, 'चार भिंती'च्या टेकडीवरून उतरणं. नवे बूट नेऊ नका, इथंच दोन-तीन महिने झिजवा आणि विमानात पायात घालूनच बसा. बॅग हरवली तर बाकी सगळं मोशीत भाड्यानं मिळेल, पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत. म्वेकाला भाऊजी तंबूबाहेर खुर्ची टाकून चहा पीत बसलेले, अगदी ठणठणीत, आणि पुढच्या वर्षीचे बेत सांगत होते.

टिप ही तिथली रीतच आहे, तिचे पैसे सुरुवातीपासून वेगळे ठेवा. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर, कुणाला किती ते मोठ्यानं सांगून द्या, म्हणजे पोर्टरपर्यंत पोचते. डॉलरच्या जुन्या, फाटक्या नोटा कुणी घेत नाही.

जानेवारी ते मार्चची सुरुवात किंवा जून ते ऑक्टोबर हा काळ चांगला. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. व्हिसा ऑनलाइन मिळतो. विमा घेताना सहा हजार मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचून बघा. एजंटच्या तोंडी "सगळं कव्हर आहे" वर जाऊ नका. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस घ्या. ती फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी दाखला लागू होत नाही. त्या लशीचं पिवळं कार्ड परतीला पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईला उतरल्यावर ते तपासतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.