लढाईचे नकाशे: दोन पूर्ण, एक अर्धा, एक अडलेला

आवडत्या लढायांचे वरून पाहिल्यासारखे नकाशे काढण्याचं काम पुढे सरकलंय. ‘सेव्हन समुराय’ (१९५४) मधलं गाव आणि ‘द टू टॉवर्स’ (२००२) मधली हेल्म्स डीपची लढाई कागदावर पूर्ण झाली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ (२०१६) अर्ध्यावर आहे. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मधली (१९९८) समुद्रकिनाऱ्यावरची लढाई अडलीय. त्याबद्दल शेवटी.

आधी शॉटची यादी. एमपीव्ही प्लेयरमध्ये टिंबाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. प्रत्येक शॉटसमोर चारच गोष्टी लिहायच्या: टाइमकोड, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला, कोण कुठल्या बाजूला पळतंय, आणि मागे दिसणारी न हलणारी खूण. कट (एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती जागा) आपोआप शोधायला पायसीनडिटेक्ट हा प्रोग्राम चालतो, पण स्फोटाचा लखलखाट आणि वीज त्याला नवा कट वाटतात. किती बदल दिसला की कट मानायचा ही मर्यादा त्याच्या ‘detect-content’ पद्धतीत मुळात २७ असते. ती वाढवली तर अंधारातले खरे कट निसटतात. म्हणून मर्यादा तशीच ठेवून खोटे कट हाताने काढलेले बरे.

शॉटच्या लांबीची तुलना करणार असाल तर आधी फाइलचा फ्रेमरेट बघा. २४ फ्रेमचा चित्रपट २५ने पळवलेली प्रत असेल तर १०० मिनिटांचा ऐवज ९६ मिनिटांत संपतो आणि सगळी सरासरी खोटी ठरते.

कागद ए३, वर ट्रेसिंग पेपर. लढाईच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा थर. खालच्या कागदावर फक्त तट, दार, पूल, झाडं. मग कॅमेऱ्यांचे त्रिकोण (कॅमेरा कुठून काय बघतो ते दाखवणारे), आणि माणसांचे बाण सगळ्यात शेवटी. बाण आधी काढले की उलट्या बाजूने घेतलेल्या पहिल्याच शॉटला सैन्य फिरल्यासारखं वाटतं आणि सगळं खोडावं लागतं.

‘सेव्हन समुराय’ नवख्यांनी पहिला घ्यावा, कारण दिग्दर्शक कुरोसावाने नकाशा पात्राच्या हातातच दिलाय. एका बाजूला कुंपण, एकीकडे पाण्याखाली घातलेली शेतं, तोडलेला पूल, आणि उत्तरेची वाट मुद्दाम उघडी. चाळीस लुटारूंची गोलांची यादी असते, मेला की गोलावर काट. शेवटच्या सकाळी उरतात १३. तुमच्या बाणांचा हिशेब या काटांशी ताडून बघा, चूक लगेच सापडते. घात होतो तो अंतरात. टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्समुळे घोडे आणि भाले एकमेकांना चिकटलेले दिसतात, त्यावरून अंतर मोजू नका. बाजूने घेतलेला, स्लो मोशन नसलेला धावण्याचा शॉट शोधा. सेकंदाला साधारण ५ मीटर धरले तर ६ सेकंदांची धाव म्हणजे ३० मीटर. चिखलात त्याहून कमी धरा.

हेल्म्स डीपमध्ये सगळा खेळ तटाच्या पायथ्याशी असलेल्या नाल्याच्या तोंडाचा. तेवढीच एक कमजोर जागा आहे हे हल्ला करवणाऱ्या सारुमानला त्याचा हस्तक ग्रिमा लढाईआधीच सांगतो, त्यामुळे खिंडार पडतं तेव्हा प्रेक्षकाला ‘हे कुठे झालं?’ असं विचारावंच लागत नाही. रात्र, पाऊस, हजारोंची गर्दी असूनही लढाई समजते ती यामुळेच. नकाशावर ती जागा लाल शाईने काढा. पुढचा टप्पा तिथूनच फुटतो.

‘बास्टर्ड्स’मध्ये एका सैन्याची कोंडी करणारं ढालींचं अर्धवर्तुळ सोपं आहे. अवघड आहे तो प्रेतांचा ढीग, जो कोंडीची दुसरी बाजू बंद करतो. तो रचला जाताना नीट दिसत नाही, एकदम उंच झालेला दिसतो. त्याची जागा वरून घेतलेल्या शॉटवरूनच पक्की करायची. खालच्या शॉटमध्ये धूर आणि पाय यांशिवाय हाती काही लागत नाही.

ज्यांना व्हिडिओ गेममधल्या लढाया घ्यायच्या आहेत त्यांना हवा तिथे नेता येणारा मोकळा कॅमेरा मिळतो, हे मोठंच सुख. मात्र टोटल वॉरसारख्या खेळातले रीप्ले अपडेटनंतर बिघडतात. नकाशा नंतर काढायचा असला तरी व्हिडिओ आधीच रेकॉर्ड करून ठेवा.

आता ‘रायन’. छायालेखक कामिन्स्कीने शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश किती वेळ पडतो हे ठरवणारी झडप) ४५ आणि ९० अंशांवर ठेवलं. २४ फ्रेमला ४५ अंश म्हणजे फ्रेममागे १/१९२ सेकंद, त्यामुळे थांबवलेली फ्रेम धारदार मिळते. तरीही काम अडलं, कारण पोलादी अडथळे सगळे सारखेच आणि कॅमेरा बहुतेक वेळ सैनिकाच्या उंचीवर. डावं-उजवं ठरवता येत नाही. म्हणून इथे नकाशा सोडून पट्टे काढतोय: पाणी, अडथळे, गोट्यांचा चढ, काटेरी तारा, बंकर. प्रत्येक शॉट कोणत्या पट्ट्यात आहे एवढंच लिहायचं. पाणी आणि अडथळे भरून झाले. तारांजवळचे शॉट बाकी आहेत.