हिला जे आठवत नाही ते लिहून ठेवतोय

लेबर रूममधलं शेवटचं सगळं हिला पुसट पुसट आठवतंय. परवा म्हणाली, अरे मी तिथेच होते पण मी काही बघितलंच नाही, तू सांग ना. सांगायला लागलो तर पाच मिनिटांत हिला झोप लागली. म्हणून आता लिहूनच काढतो, माझ्याही डोक्यातून निसटायच्या आत.

कळा रात्री सुरू झाल्या. खोट्या कळा जरा चाललं, कूस बदलली की कमी होतात, आणि खऱ्या काहीही करा थांबत नाहीत उलट जवळ जवळ यायला लागतात, एवढं आम्हाला माहीत होतं, त्यामुळे मी मोबाईलवर वेळा टाकत बसलो आणि अंतर पाच मिनिटांवर आलं तसे निघालो. तिथे तपासून डॉक्टर मॅडम म्हणाल्या पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलंय. दहा व्हायला लागतात. पहिलटकरणीला वेळ लागतो हे ऐकून माहीत असतं, पण तो वेळ म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

पोटावर दोन पट्टे लावले होते, एक बाळाचे ठोके ऐकणारा आणि दुसरा कळ मोजणारा. ठोके 110 ते 160 च्या मध्ये असले की चांगलं, आमचे 140 च्या आसपास होते. कळेच्या भरात आकडा खाली जायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. सिस्टर म्हणाल्या कळेत डोकं दाबलं जातं म्हणून होतं तसं, कळ ओसरली की ठोके लगेच वर येतायत ना, मग ठीक आहे. तेवढ्यात हिने माझा हात ओढला आणि म्हणाली तिकडे नको, माझ्याकडे बघ. मग खुर्चीच फिरवून घेतली. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर तळहाताने जोर लावून दाबलं की हिला जरा बरं वाटायचं, चोळायचं नाही, नुसतं दाबून धरायचं कळ जाईपर्यंत. ते मी कितीतरी वेळ करत होतो आणि खरं सांगतो, त्या वेळी मला करता येण्यासारखं ते काहीतरी होतं याचाच मोठा आधार होता.

मग एका टप्प्याला ही म्हणाली मला नाही जमणार, मला घरी जायचंय. अगदी साध्या आवाजात, ओरडून नाही. मी हादरलो. सिस्टर मात्र खूश झाल्या, म्हणाल्या असं बोलायला लागली ना की समजायचं आलंच जवळ. आणि तसंच झालं.

आता जे लिहितोय ते नीट वाच, कारण हे तुला दिसणं शक्यच नव्हतं. आधी नुसती टाळूची चुरगळलेली कातडी आणि ओले काळे केस दिसले, तू जोर लावलास की पुढे यायचं आणि कळ संपली की परत आत जायचं, पुढे, आत, पुढे, आत. मला वाटायचं एवढ्या जिवाचे कष्ट वाया चाललेत, पण मॅडम म्हणाल्या हे असंच हवं, हळूहळू ताण बसतो. बाळाच्या डोक्याची हाडं जुळलेली नसतात, ती एकमेकांवर सरकतात म्हणून तर डोकं त्या वाटेतून येऊ शकतं. मग पूर्ण डोकं बाहेर आलं, चेहरा खाली. आणि कुणीही हात न लावता ते आपसूक बाजूला वळलं, तुझ्या मांडीकडे. आत खांदे वळतात म्हणून डोकं वळतं असं नंतर कळलं, पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की बाळाला वाट माहीत आहे. मग एक खांदा, दुसरा खांदा आणि बाकीचं सगळं एकदम सर्रकन.

रंग निळसर राखाडी होता. सिस्टरनी टॉवेलने पाठ पुसली, चोळली, आणि लेक रडली. आतापर्यंत जी फुप्फुसं पाण्याने भरलेली होती त्यांत हवा गेली, आणि छातीपासून गुलाबी रंग पसरत गेला, माझ्या डोळ्यांदेखत. हातपाय मात्र बराच वेळ निळेच होते, ते नॉर्मल असतं. नाळ लगेच कापली नाही, वारेतलं रक्त बाळाकडे जाऊ देतात, त्याने पुढे लोह कमी पडत नाही. मी बोट लावून बघितलं, जाड, पिळदार, बुळबुळीत आणि आत ठोका लागत होता. कापताना कात्री सहज चालली नाही, रबरी पाइप कापावा तसं झालं.

पहिल्या मिनिटाला आणि पाचव्या मिनिटाला अपगार स्कोअर देतात. डॉ. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञांनी ही पद्धत 1953 मध्ये मांडली, रंग, ठोके, श्वास, हालचाल, प्रतिसाद, प्रत्येकाला दोन मार्क. आपल्या लेकीला आधी 8 आणि मग 9, एक मार्क त्या निळ्या हातापायांचा गेला.

सगळे विचारतात बाप झाल्यावर कसं वाटलं. तोपर्यंत माझं सगळं लक्ष तुझ्यावरच होतं गं, बाप वगैरे काही डोक्यातच नव्हतं. ते नंतर, तुला टाके घालत होते तेव्हा. शर्ट काढून लेकीला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दुपटं. तिने मान वाकडी करून एक डोळा उघडला. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच जरा नीट दिसतं म्हणे, आणि माझा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर होता. तेव्हा रडलो मी, चांगला हमसून.

आणि त्याआधी, तुझ्या छातीवर ठेवलं तेव्हा तू पहिलं वाक्य काय बोललीस माहितीये? "किती गरम आहे रे ही." मग वजन विचारलंस. दोन किलो नऊशे सांगितलं, थोड्या वेळाने परत विचारलंस, मग परत, आणि दर वेळी अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखी म्हणालीस, "हो? बरं आहे की मग!"